डुकरांचा खोकला आणि एक नवा विषाणू

मलेशियाच्या पेराक राज्यात इपोह नावाचे शहर आहे. चुनखडीच्या टेकड्या आणि कथलाच्या जुन्या खाणी यांसाठी हा भाग पूर्वीपासून प्रसिद्ध. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे वराहपालनाचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालत असे. १९९८ च्या सप्टेंबर महिन्याच्या शेवटी या परिसरातील वराहपालन केंद्रांवर काम करणारी माणसे एकामागून एक आजारी पडू लागली. प्रथम ताप आणि डोकेदुखी, मग गुंगी, काहींना झटके आणि शेवटी बेशुद्धी, असा आजाराचा क्रम असे. काही महिन्यांत रोग दक्षिणेकडील नेगेरी सेंबिलान राज्यात पोहोचला. १९९९ च्या मध्यावर साथ ओसरली तेव्हा मलेशियात रुग्णांची संख्या २६५ आणि मृतांची संख्या १०५ झाली होती. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे सुमारे ४० दगावले.

हा रोग आज 'निपाह' या नावाने ओळखला जातो. भारतातही त्याचे नाव आता अपरिचित राहिलेले नाही. परंतु १९९८ साली असा काही विषाणू अस्तित्वात आहे हेच कोणाला माहीत नव्हते. अगदी नवा रोग जेव्हा एखाद्या जुन्या रोगाचा वेष घेऊन येतो तेव्हा तो ओळखायचा कसा? हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही, तो विज्ञानाच्या पद्धतीचा आहे. म्हणून या साथीची हकिकत विद्यार्थ्यांनी मुळापासून समजून घेण्यासारखी आहे.

जुन्या रोगाचा संशय

मेंदूला सूज, तीव्र ताप आणि जवळपास डुकरे, एवढी माहिती मिळाल्यावर आशियातील कोणाही डॉक्टरला पहिली आठवण होते ती जपानी मेंदुज्वराची. हा रोग विषाणूमुळे होतो आणि क्युलेक्स जातीचे डास तो पसरवतात. भातखाचरांतील पाण्यात हे डास वाढतात. बगळ्यांसारखे पाणपक्षी आणि डुकरे यांच्या रक्तात हा विषाणू भरपूर वाढतो. अशा डुकराला चावलेला डास पुढे माणसाला चावला की माणसाला रोगाची बाधा होते. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५५ साली वेल्लोर भागात झाली. मलेशियात तर तो अधूनमधून नेहमीच आढळत असे.

त्यामुळे इपोहच्या रुग्णांनाही जपानी मेंदुज्वर झाला असावा हा तर्क गैर नव्हता. काही रुग्णांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडेही सापडली. शासनाने तातडीने डासनाशकाची धुरळणी सुरू केली आणि लोकांना जपानी मेंदुज्वराची लस टोचली. एका ओळखीच्या रोगाविरुद्ध जे जे करावयाचे ते सर्व केले गेले. तरीही साथ थांबली नाही.

न जुळणारी निरीक्षणे

एखादा सिद्धांत खरा असेल तर त्यातून काही अपेक्षा निघतात. त्या अपेक्षा प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडून पाहावयाच्या असतात. जपानी मेंदुज्वराचा तर्क या कसोटीला लावला, तर काय दिसते ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट वयाची. जपानी मेंदुज्वर मुख्यतः लहान मुलांना होतो, कारण ज्या भागात तो नेहमी असतो तेथील मोठ्या माणसांत बहुधा प्रतिकारशक्ती आलेली असते. इपोहचे रुग्ण मात्र बहुतेक प्रौढ पुरुष होते.

दुसरी गोष्ट लसीची. ज्यांना जपानी मेंदुज्वराची लस टोचलेली होती अशी माणसेही आजारी पडत होती.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. डास चावताना माणसाचा व्यवसाय पाहत नाही. वराहपालन केंद्रांच्या जवळपास मुसलमान वस्ती होती. तेथील लोकांना डास चावत होतेच. परंतु धर्माने डुकराचा स्पर्श वर्ज्य असल्यामुळे ते गोठ्यांत पाऊल टाकीत नसत. ही वस्ती साथीतून जवळजवळ पूर्णपणे सुटली. आजारी पडत होते ते डुकरांना खाऊपिऊ घालणारे, त्यांना औषध पाजणारे, विक्रीसाठी त्यांची निवड करणारे आणि त्यांची वाहतूक करणारे.

चौथी गोष्ट खुद्द डुकरांची. जपानी मेंदुज्वराच्या विषाणूमुळे वाढत्या डुकरांना सहसा काही त्रास होत नाही. गाभण मादीची पिले मात्र मृत जन्मतात. येथे तर माणसे आजारी पडण्याच्या सुमारास डुकरांनाही ताप येत होता, त्यांना धाप लागत होती आणि मोठ्या आवाजाचा, भुंकल्यासारखा खोकला होत होता. तो खोकला मैलभर ऐकू येतो असे लोक म्हणत आणि 'एक मैलाचा खोकला' हेच नाव त्या आजाराला पडले होते. डुकरे बरीचशी बरी होत, मरण्याचे प्रमाण कमी असे. त्यामुळेच या आजाराकडे प्रथम कोणी फारसे लक्ष दिले नाही.

मार्च १९९९ मध्ये आणखी एक निरीक्षण पुढे आले. सिंगापूर शहरात वराहपालन होत नव्हते. तेथील कत्तलखान्यांत मलेशियातून आणलेली जिवंत डुकरे येत. या कत्तलखान्यांतील ११ कामगारांना हा रोग झाला आणि त्यांतील एकजण मरण पावला. सिंगापूरने मलेशियातून डुकरे आणणे बंद केले आणि तेथे नवे रुग्ण होणे थांबले. डास तर दोन्ही दिवशी सारखेच होते. बदलले होते ते एकच, डुकरांचे येणे. प्रयोगशाळेत आपण इतर सर्व गोष्टी कायम ठेवून एकच राशी बदलतो आणि परिणाम पाहतो. येथे परिस्थितीनेच तसा प्रयोग करून दाखविला.

एक निरीक्षण जुळले नाही तर तो योगायोग म्हणता येतो. चार-पाच निरीक्षणे एकाच दिशेने बोट दाखवू लागली म्हणजे मात्र सिद्धांतच बदलला पाहिजे. डुकराकडून माणसाकडे थेट जाणारा, स्पर्शाने व स्रावांतून पसरणारा काहीतरी वेगळा विषाणू असला पाहिजे, हा निष्कर्ष आता टाळता येत नव्हता.

पेशी एकमेकींत मिसळतात

क्वालालंपूर येथील मलाया विद्यापीठात डॉ. चुआ काव बिंग हे विषाणुशास्त्रज्ञ काम करीत होते. सुंगाई निपाह या खेड्यातील एका रुग्णाच्या मेंदूभोवतालच्या द्रवाचा नमुना त्यांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर टाकला. काही दिवसांनी या पेशींची पटले विरघळल्यासारखी होऊन अनेक पेशी एकमेकींत मिसळल्या आणि पुष्कळ केंद्रके असलेले मोठे गोळे तयार झाले. पेशींचे असे मीलन हे जपानी मेंदुज्वराच्या विषाणूचे लक्षण नव्हे. गोवराचा विषाणू ज्या कुळातील आहे त्या कुळातील विषाणू मात्र असे करतात.

पुढील तपासणीसाठी डॉ. चुआ हे नमुने घेऊन अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्रात गेले. साध्या सूक्ष्मदर्शकातून विषाणूची रचना दिसत नाही. याचे कारण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे: दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान अशा तपशिलांचे स्पष्ट चित्र त्या प्रकाशाने मिळू शकत नाही. वेगवान इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी त्याहून फारच कमी असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोवर-गालगुंडांच्या कुळाशी साम्य असलेले कण दिसले. नंतर निरनिराळ्या ज्ञात विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे वापरून पाहिली तेव्हा ती जुळली 'हेंड्रा' नावाच्या विषाणूशी.

हेंड्रा हे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराचे एक उपनगर. १९९४ साली तेथील एका तबेल्यातील घोडे अचानक मरू लागले आणि त्यांची देखभाल करणारा प्रशिक्षकही मरण पावला. त्यातून जो विषाणू सापडला त्याला उपनगराचे नाव मिळाले. मलेशियातील विषाणू त्याचा जवळचा नातेवाईक, परंतु वेगळा होता. ज्या खेड्यातील रुग्णाच्या नमुन्यातून तो वेगळा काढला गेला, त्या खेड्यावरून त्याला 'निपाह' हे नाव देण्यात आले.

कुलूप एक, घरे अनेक

विषाणूला स्वतःची वाढ स्वतः करता येत नाही. जिवंत पेशीत शिरून तिची यंत्रणा वापरणे हाच त्याचा मार्ग. निपाह विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनएच्या एका धाग्यावर सुमारे १८,२०० अक्षरांत लिहिलेली असते. पेशीत शिरण्यासाठी तो पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतो. त्या प्रथिनाला कुलूप म्हटले तर विषाणूच्या कवचावरील प्रथिन ही किल्ली.

निपाहच्या बाबतीत हे कुलूप म्हणजे एफ्रिन-बी२ नावाचे प्रथिन होय, हे २००५ साली समजले. वटवाघूळ, डुक्कर, कुत्रा, माणूस अशा अनेक सस्तन प्राण्यांत हे प्रथिन जवळजवळ सारखेच असते. म्हणून एका प्राण्यातून दुसऱ्यात जाताना निपाहला किल्ली बदलावी लागत नाही. शिवाय हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर आणि मज्जापेशींवर असते. त्यामुळे माणसात या रोगाचा तडाखा मेंदूला का बसतो, हेही समजते. डुकरात मात्र विषाणू श्वासमार्गात भरपूर वाढतो. त्यामुळे तो खोकल्याच्या तुषारांतून शेजारच्या डुकराकडे आणि गोठ्यात काम करणाऱ्या माणसाकडे सहज जातो.

मूळ घर कोठे?

डुकरांत हा विषाणू आला कोठून? हेंड्राच्या वेळी ऑस्ट्रेलियातील फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत तो विषाणू आढळला होता. म्हणून मलेशियातही वटवाघळे तपासावयाचे ठरले. १४ जातींची ३२४ वटवाघळे तपासली तेव्हा पाच जातींच्या २१ वटवाघळांत निपाहविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. त्यांतील चार जाती फळे खाणाऱ्या होत्या.

प्रतिपिंडे म्हणजे विषाणू येऊन गेल्याची खूण. प्रत्यक्ष विषाणू सापडणे ही त्यापुढची पायरी. डॉ. चुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तियोमान बेटावर वटवाघळे ज्या झाडांवर लटकतात त्यांच्याखाली प्लॅस्टिकची कापडे अंथरली. त्यांवर पडलेल्या लघवीच्या थेंबांतून आणि वटवाघळांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या फळावरून त्यांनी निपाहचा विषाणू मिळविला. वटवाघळांना मात्र या विषाणूमुळे काही आजार होताना दिसत नाही. दीर्घकाळच्या सहवासाने दोघांचे जुळले आहे.

आता इपोहजवळील त्या पहिल्या केंद्राचे चित्र डोळ्यांसमोर आणा. तेथे ३०,००० हून अधिक डुकरे होती आणि गोठ्यांना लागूनच आंब्याची व इतर फळांची झाडे लावलेली होती. एकाच जमिनीतून दोन उत्पन्ने घेण्याची ही पद्धत हिशेबाला सोयीची होती. रात्री वटवाघळे झाडांवर येत, फळे खात आणि उष्टी फळे खाली टाकीत. ती गोठ्यात पडली की डुकरे खात. एवढाच तो पूल. परंतु विषाणूला तो पुरेसा होता.

याविषयी आणखी एक कारण पुढे मांडले गेले होते. १९९७ साली इंडोनेशियातील जंगलांना आगी लागून धुराचे दाट पटल मलेशियावर पसरले. धुराने जंगलातील फळे कमी झाली आणि वटवाघळे बागांकडे वळली, असे काहींचे म्हणणे. कल्पना आकर्षक आहे. परंतु नंतर जुन्या नोंदी तपासल्या असता इपोह भागात या रोगाचे रुग्ण १९९७ च्या सुरुवातीलाच झाले होते असे आढळले. धुराचा कहर मात्र त्या वर्षाच्या उत्तरार्धातला. कारण हे कार्याच्या आधी घडले पाहिजे, हा साधा नियम लावला की धुराचे स्पष्टीकरण लंगडे पडते.

वणवा आणि भुशाची शेगडी

वटवाघळे आणि डुकरे या प्रदेशात पूर्वीही होती. मग साथ तेव्हाच का आली? याचे उत्तर थोड्या अंकगणिताने मिळते.

एका आजारी प्राण्यापासून सरासरी जितक्या नव्या प्राण्यांना बाधा होते त्या संख्येला 'प्रसारांक' म्हणू. प्रसारांक एकापेक्षा जास्त असेल तर साथ वाढते आणि कमी असेल तर विझते. अणुभट्टीतील साखळी प्रक्रियेचा नियम हाच आहे. एका विखंडनातून निघालेल्या न्यूट्रॉनांनी सरासरी एकाहून अधिक नवी विखंडने घडविली तर प्रक्रिया वाढत जाते, कमी घडविली तर ती थंडावते.

परंतु साथ वाढू लागली की ती स्वतःचे इंधनच खाऊ लागते. बाधा होऊन बरे झालेले डुक्कर पुन्हा सहसा आजारी पडत नाही. वाळलेल्या गवतावर वणवा लागला तर तो झपाट्याने सगळे गवत जाळतो आणि मग स्वतः विझतो. पुन्हा गवत उगवेपर्यंत तेथे आग राहू शकत नाही. साथ टिकून राहावयाची तर नवे इंधन सतत मिळाले पाहिजे. डुकरांच्या बाबतीत नवे इंधन म्हणजे नवी पिले.

समजा, एक डुक्कर गोठ्यात सरासरी सहा महिने राहते आणि मग विकले जाते. मग ३०,००० डुकरांच्या केंद्रावर दरमहा ५,००० नवी पिले आली पाहिजेत. त्यांतील पाचांपैकी चारांना केव्हातरी बाधा होते असे धरू. म्हणजे दरमहा ४,००० नवे आजारी. प्रत्येक डुक्कर दहा दिवस, म्हणजे महिन्याचा तिसरा हिस्सा, विषाणू बाहेर टाकते असे धरले तर कोणत्याही दिवशी आजारी डुकरांची संख्या

४,००० भागिले ३ = सुमारे १,३३०

इतकी असेल.

आता हाच हिशेब ३० डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्याकडे करा. दरमहा पाच पिले, त्यांतील चार आजारी आणि कोणत्याही दिवशी आजारी असलेल्यांची सरासरी १.३. सरासरी १.३ असेल तर एखाद्या दिवशी ती संख्या तीन असेल आणि एखाद्या दिवशी शून्य. शून्य झाली की खेळ संपला, साखळी तुटली. १,३३० मध्ये पन्नासांचा चढउतार झाला तरी साखळीला धक्का लागत नाही. विषाणू तोच, डुकरे तीच; फरक फक्त कळपाच्या आकाराचा.

वरील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी त्या पहिल्या केंद्राच्या नोंदींवरून असाच, पण अधिक बारकाईचा हिशेब केला. त्यातून पुढील चित्र मिळाले. विषाणू वटवाघळांकडून डुकरांत एकदा नव्हे, तर निदान दोनदा आला. पहिल्या वेळी सर्व डुकरे त्याला नवखी होती. वणवा भडकला आणि विझला. परंतु त्यामुळे माद्यांत प्रतिपिंडे तयार झाली आणि ती त्यांच्या दुधातून पिलांना मिळू लागली. हे उसने संरक्षण काही काळाने संपते, आणि ते सर्व पिलांचे एकाच वेळी संपत नाही. विषाणू दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला एकदम पेट घेणारे कोरडे गवत मिळाले नाही. मिळाला तो भुसा. भुशाची शेगडी जशी भडकत नाही पण तासन् तास धुमसत राहते, तशी ही साथ केंद्रावर महिनोन् महिने धुमसत राहिली. दरम्यान वाढलेली डुकरे विक्रीसाठी बाहेर जात होती. इपोह भागात आजाराची बातमी पसरल्यावर शेतकऱ्यांनी घाईने, मिळेल त्या भावात डुकरे विकली. ट्रकांतून ती दक्षिणेकडे गेली आणि त्यांच्याबरोबर विषाणूही गेला.

साथ थांबली, पण...

कारण कळल्यावर उपाय ठरला. डास मारून भागणार नव्हते, डुकरांची साखळी तोडावयास हवी होती. डुकरांची ने-आण बंद करण्यात आली. २८ फेब्रुवारी ते २६ एप्रिल १९९९ या काळात बाधित भागांतील सुमारे नऊ लाख डुकरे मारून पुरण्यात आली. या कामी सैन्याची मदत घ्यावी लागली. त्यानंतर तपासणीत बाधित आढळलेल्या केंद्रांवरील डुकरेही मारण्यात आली. एकूण आकडा दहा लाखांच्या वर गेला. देशातील डुकरांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आणि निम्म्याहून अधिक केंद्रे कायमची बंद झाली.

या आकड्यांमागे माणसे होती. एकाच घरातील बाप आणि मुलगा दोघेही गोठ्यात काम करणारे असत. एका बाजूला घरातील माणूस गमावलेला, दुसऱ्या बाजूला कर्ज काढून उभा केलेला धंदा खड्ड्यात पुरलेला, अशी अवस्था अनेक कुटुंबांची झाली. रोगाची ओळख पटण्यास लागलेल्या पाच-साडेपाच महिन्यांची ही किंमत होती. पहिल्या डुकराच्या खोकल्याची नीट तपासणी झाली असती तर कदाचित गोष्ट एका जिल्ह्यातच संपली असती.

आपल्याकडील निपाह

२००१ साली बांगलादेशात आणि त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील सिलिगुडी येथे निपाहची साथ आली. सिलिगुडीत ६६ जणांना बाधा होऊन ४५ मृत्यू झाले. २०१८ साली केरळातील कोझिकोडे व मलप्पुरम जिल्ह्यांतील साथीत १७ जण दगावले. या साथींत डुकरांचा संबंध आढळला नाही. बांगलादेशात शिंदीच्या झाडाला लावलेल्या मडक्यातील रस रात्री वटवाघळे चाटतात, त्यात त्यांची लघवी पडते आणि तो रस सकाळी कच्चाच प्यायला जातो, हे कारण सापडले. सिलिगुडी आणि कोझिकोडे येथे रोग मुख्यतः रुग्णालयांत, एका रुग्णाकडून शुश्रूषा करणाऱ्यांकडे व शेजारच्या रुग्णांकडे गेला.

माणसाकडून माणसाकडे जाताना निपाहचा प्रसारांक किती? बांगलादेशातील चौदा वर्षांच्या नोंदींवरून तो सुमारे एकतृतीयांश ठरला. म्हणजे वटवाघळांकडून बाधा झालेल्या एका रुग्णामागे एकूण रुग्ण

१ + १/३ + १/९ + १/२७ + ...

या भूमिती श्रेढीच्या बेरजेइतके, म्हणजे सरासरी दीड होतात. श्रेढी अनंत असली तरी बेरीज सांत आहे. म्हणूनच या साथी आटोपल्या. परंतु हा अंक निसर्गाने कायमचा कोरून ठेवलेला नाही. सिलिगुडीच्या रुग्णालयात तो काही काळ एकाच्या वर गेलाच होता. हातमोजे, मुखपट्टी, रुग्णाला वेगळे ठेवणे या साध्या उपायांनी तो खाली येतो. माणसांसाठीची लस अजून चाचण्यांच्या अवस्थेत असल्यामुळे हे साधे उपायच सध्या आपले शस्त्र आहेत.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० साली महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले, तेव्हा त्यांतही निपाहच्या खुणा मिळाल्या. याचा अर्थ महाबळेश्वरास जाणे धोक्याचे आहे असा नव्हे. विषाणू वटवाघळांत आहे, एवढाच त्याचा अर्थ. पूल आपण बांधला नाही तर तो तेथेच राहतो.

माणसाला न होणारा रोग

डुकरांचा प्रत्येक नवा रोग माणसाला होतोच असे नाही. आफ्रिकी डुक्करज्वर हा त्याच्या उलट नमुना. १९२१ साली केनियातून त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. आफ्रिकेतील रानडुकरांत हा विषाणू मुकाट्याने राहतो, पण पाळीव डुकरांत शिरला की बहुतेक सर्व मरतात. माणसाला तो मुळीच होत नाही. २००७ साली तो जॉर्जिया देशात पोहोचला. जहाजांवरील उरलेसुरले अन्न डुकरांना घातल्याने तो तेथे आला असे मानले जाते. २०१८ मध्ये तो चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आला. ईशान्य भारतात घरामागे दोन-चार डुकरे पाळणे हीच अनेक कुटुंबांची बचत असते. औषधपाण्याला, मुलांच्या फीला ती विकली जातात. त्या कुटुंबांच्या दृष्टीने ही साथ म्हणजे बँकच बुडण्यासारखे होते.

येथे विषाणूचा पूल म्हणजे कच्चे मांस व खरकटे. हा विषाणू मांसात दीर्घकाळ तग धरतो, पण ६० अंश सेल्सियसला वीस मिनिटांत निष्प्रभ होतो. खरकटे नीट उकळून घातले तर पूल तुटतो.

ध्यानात ठेवण्याजोगे

एवढे वाचल्यावर वटवाघळांना मारून टाकावे असे कोणाला वाटेल. ते चुकीचे ठरेल. फळे खाणारी वटवाघळे अनेक झाडांचे परागण करतात आणि दूरवर बिया पसरवतात. शिवाय हुसकावलेली वटवाघळे नाहीशी होत नाहीत, दुसरीकडे जातात. फळझाडे गोठ्यापासून दूर लावणे, वटवाघळाने उष्टावलेले फळ न खाणे, कच्चा रस न पिणे आणि गोठ्यातील जनावरे एकाच वेळी आजारी पडली तर लगेच पशुवैद्याला कळविणे, हे उपाय स्वस्त आहेत आणि खात्रीचेही.

शेवटची गोष्ट विचाराच्या पद्धतीची. मलेशियात ज्यांनी जपानी मेंदुज्वराचे निदान केले ते अडाणी नव्हते. त्यांचा पहिला तर्क योग्यच होता. प्रश्न आला तो तर्काशी न जुळणारी निरीक्षणे दिसू लागल्यावर. निरीक्षण सिद्धांतात बसत नाही म्हणून ते बाजूला ठेवण्याचा मोह प्रयोगशाळेत आपल्यालाही होतो; आलेखावरील एक बिंदू रेषेबाहेर गेला की आपण तो खोडतो. पुढच्या वेळी खोडरबर उचलण्यापूर्वी तो बिंदू पुन्हा एकदा मोजून पाहावा.

विचार करा

१. एका केंद्रावर ६०० डुकरे आहेत. लेखातील गृहीते घेऊन कोणत्याही दिवशी आजारी असणाऱ्या डुकरांची सरासरी संख्या काढा. येथे साखळी आपोआप तुटण्याचा संभव ३० डुकरांच्या मानाने कमी की जास्त?

२. प्रसारांक १/२ असेल तर एका रुग्णामागे एकूण रुग्ण किती होतील? प्रसारांक १ असेल तर श्रेढीचे काय होईल?

३. जपानी मेंदुज्वराचा तर्क खोटा ठरविण्यासाठी लेखातील कोणते एक निरीक्षण तुम्हाला सर्वांत प्रभावी वाटते? का?

४. तुमच्या गावात गाई, म्हशी, शेळ्या किंवा कोंबड्या कशा ठेवतात ते पाहा. रानातील प्राणी व पक्षी यांचा त्यांच्या चाऱ्या-पाण्याशी कोठे संबंध येतो त्याची यादी करा आणि वर्गात चर्चा करा.